घरचीच पोरगी

सकाळी अपेक्षाच्या घरी सगळ्यात शेवटी व्हायचं काम म्हणजे कुलूप लावणं. डबा भरून झाला, रजतला दूध पाजून झालं, ओढणी सारखी करून झाली, की ती जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप घालायची, दोनदा ओढून पाहायची आणि किल्ली पर्समध्ये टाकायची. आत बारा वर्षांची खुशी आणि तिच्या कडेवर अकरा महिन्यांचा रजत.

"काकू, शाळा कधी उघडते?" खुशी जाळीतून विचारायची.

"उघडंन ना. पायतो आपण सोमवारी."

"कोणत्या सोमवारी?"

"अवं, उशीर होऊन राह्यला मले! त्याले खिचडी चारजो. आन् कूलरमंदी पाणी टाकाच्या आंधी बटन बंद करजो, समजलं?"

खुशी मान हलवायची. अपेक्षा जिना उतरून गल्लीतून झपाझप चालत निघायची. यवतमाळच्या जुन्या जिनिंगमागची ती गल्ली इतकी अरुंद, की एका घरात फोडणी पडली की समोरच्या घरातल्याला ठसका लागावा. खोल्यांवर खोल्या चढलेल्या, आणि प्रत्येक खोलीत सकाळी तोच एक घोर: लेकराला कोणाजवळ ठेवायचं?

हा घोर साधा नाही हो. अपेक्षा कापड दुकानात बिलाच्या काउंटरवर, तिचा नवरा कपिल थंड पेयांच्या एजन्सीचा टेम्पो चालवतो. दोघांनी हातपाय हलवल्याशिवाय घरभाडं सुटत नाही. दुकानात लेकरू आणायची सोय नाही. अंगणवाडी तीन वर्षांपुढच्या पोरांना घेते, तीही दुपारपर्यंत. तिकडे कॉलनीत एक चकचकीत पाळणाघर आहे. भिंतीवर हत्ती-जिराफ काढलेत. तिथली फी ऐकून अपेक्षा 'विचारून सांगते' म्हणाली आणि पुन्हा त्या रस्त्याला गेली नाही.

मग राहिली ती आपल्याकडची जुनी सोय. गावाकडून एखादी पोरगी आणायची.

या पोरींना आपण नाव ठेवलेलं नाही. नोकर म्हणून पाहा, घरचे अंगावर धावून येतील. "नोकर? अवं, ती घरचीच पोरगी होय!" म्हणतील. आणि एकदा घरचीच म्हटलं, की सगळं भागलं. घरच्या पोरीला पगार द्यावा लागत नाही, रविवार द्यावा लागत नाही, 'दमलीस का गं' असं विचारावंही लागत नाही. कोणाची पुतणी, कोणाची भाची, कोणाच्या नणंदेची धाकटी. उन्हाळ्याच्या सुट्टीत चार दिवस शहर पाहायला म्हणून येतात, आणि मग सुट्टी संपते ती बाकीच्यांची.

खुशी ही कपिलच्या थोरल्या भावाची मुलगी. घाटंजीजवळच्या गावात सगळं कुटुंब. कापूस, तूर, सोयाबीन, खाऊनपिऊन सुखी. सहावीत ती वर्गात दुसरी आली. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी आजीनं, तानाबाईनं, तिला एस.टी.त बसवून यवतमाळला आणून सोडलं. "तुह्या काकूले मदत होते, तुलेबी शहर पाहाले भेटते." खुशीनं मोठ्या हौसेनं शाळेचा ड्रेससुद्धा पिशवीत घातला होता. शाळा उघडली की इथूनच परत जायचं, असा तिचा हिशेब. तिची माय दारात उभी होती, पण सासूपुढं ती कधी बोलली होती म्हणून त्या दिवशी बोलणार?

खरं तर लेकरू ठेवायला दुसरी जागा होती, आणि ती हाकेच्या अंतरावर होती. शेजारच्या खोलीतली हंसाबाई गल्लीतली चार लेकरं सांभाळायची. तोंडाची फटकळ. पैसे महिना सुरू व्हायच्या आधी घ्यायची आणि उशीर केला तर दारात उभी राहून मागायची. "मी का धर्मशाळा उघडली काय?" हे तिचं ठरलेलं वाक्य. पण तिच्याकडची पोरं न्हालेली, जेवलेली, झोपलेली असायची. कॉलनीतल्या फीपेक्षा तिची फी पुष्कळ कमी. अपेक्षानं एकदा विचार बोलून दाखवला, तर फोनवर तानाबाई कडाडली.

"बंजाऱ्याच्या बाईच्या हातचं चारतं काय माह्या नातवाले? आपल्या घरच्या पोरी का मेल्या काय?"

कपिल म्हणाला, "जाऊ दे ना, पैसेबी वाचतीन." बघा कसं असतं ते! पैशाचं कारण पुढं उभं केलं आणि जातीचं कारण त्याच्या पाठीमागं दडवलं. अपेक्षानं दोन्हींना मान हलवली.

कुलपाचीही गोष्ट सांगून टाकतो. पहिल्या आठवड्यात दार उघडंच असायचं. खुशी रजतला घेऊन हंसाबाईच्या ओसरीवर जाऊन बसायची, तिथल्या पोरांत खेळायची. हे तानाबाईला कळलं. "पोट्टी वयात येऊन राह्यली, अन् तुमी दार उघडं टाकून जाता? तेबी तिच्या घरी?" दुसऱ्या दिवशी कपिलनं बाजारातून चांगलं पारखून कुलूप आणलं. भक्कम, पितळी.

पण दाराला कुलूप लागलं तरी खिडकी राहिली. वरच्या मजल्यावरच्या या दोन्ही खोल्यांच्या मधल्या बोळात अपेक्षाच्या खोलीची खिडकी उघडते. गज आहेत, पण वाटी जाईल इतकी फट आहे. दुपारी रजत खुशीच्या हातची खिचडी थुंकून टाकायचा आणि भोकाड पसरायचा. मग खिडकीत हंसाबाई यायची.

"काय चारून राह्यली वं त्याले, सिमिट? घे ही वाटी. तूप टाकलं हाय. अन् तूबी खाय, छोरी. हाडं दिसून राह्यले तुहे."

ती वाटीवर चमचा वाजवायची, टिणटिण, आणि रजत रांगत खिडकीखाली येऊन गजाला धरून उभा राहायचा. हंसाबाई बाहेरून भरवायची, हा आतून तोंड उघडायचा. खुशीनं हे घरात कोणाला सांगितलं नाही. बाळ गुटगुटीत दिसतंय असं दुकानातल्या बायका म्हणाल्या, तेव्हा अपेक्षा कौतुकानं म्हणाली होती, "आमच्या खुशीच्या हाताले चव हाय!"

शाळा उघडायच्या आदल्या संध्याकाळी तानाबाईचा फोन आला. कपिलनं तो स्पीकरवर टाकला. एकच खोली, तिच्याच कोपऱ्यात ओटा, आणि ओट्याशी खुशी कणीक मळत उभी.

"यंदा राहू दे तिची शाळा," तानाबाई म्हणाली. "सातवीत न गेल्यानं का आभाळ पडते का? रजत चालाले लागला का पाहू. पोरीच्या जातीले लेकरू सांभाळता आलं पाह्यजे. म्या का कमी सांभाळले?"

"बरं माय," कपिल म्हणाला.

खुशीचे हात कणकेत थांबले. अपेक्षानं ते पाहिलं. तिच्या ओठांवर आलं होतं, की असं कसं, आपण तिला सांगून आणलंय. पण मग दुकान डोळ्यांपुढं आलं, मालकाचा चेहरा आला, आणि तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं. अपेक्षा वाईट बाई नव्हती. हेच तर सांगायचं आहे. वाईट माणसांनी हे केलं असतं तर एव्हाना कधीच बंद पडलं असतं.

सोमवारी सकाळी खुशी सगळ्यांच्या आधी उठली. अपेक्षा आंघोळ करून आली, तर पोरगी शाळेचा निळा-पांढरा ड्रेस घालून, दोन वेण्यांना लाल फिती बांधून रजतचं दूध गरम करत होती.

"हे कायले घातलं वं?"

"असंच."

खाली गल्लीतून पोरी दप्तरं पाठीला लावून ओरडत चालल्या होत्या. अपेक्षानं डबा उचलला, दार ओढलं, कुलूप घातलं. त्या दिवशी खुशीनं शाळेचं विचारलं नाही. अपेक्षाला जिना उतरताना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

जून सरत आला होता, तरी उकाडा असा की जीव नकोसा व्हावा. पत्र्याखालची ती खोली दुपारी नुसती तापायची. त्याच दिवशी जेवणाच्या सुमारास लाइन गेली. पंखा थांबला, कूलर थांबला, आणि रजतनं घामेजून रडायला सुरुवात केली. खुशीनं त्याला गादीवर बसवलं, पुठ्ठ्यानं वारा घातला. मग तिला वाटलं, कूलर बंदच आहे तर तेवढ्यात पाणी भरून ठेवू. लाइन आली की बाळाला लगेच गार वारा लागेल. बिचारीनं चांगलाच विचार केला. फक्त भिंतीवरचं बटण चालूच राहिलं. वीजच नाही तर बटणाची कोण आठवण ठेवतं? मोठी माणसंही ठेवत नाहीत.

तिनं बादली ओढत आणली. एक हात कूलरच्या पत्र्यावर टेकवला आणि दुसऱ्या हातानं तांब्यानं पाणी ओतू लागली. पाणी थोडं आत, थोडं फरशीवर. पाय अनवाणी.

आणि लाइन आली.

हंसाबाईनं आधी बादली पडल्याचा आवाज ऐकला. मग तिच्या घरातल्या पंख्याची घरघर सुरू झाली, त्यात काही ऐकू येईना. मग रजतचं रडणं. रोजचं रडणं तिला ठाऊक होतं, हे तसलं नव्हतं. "खुशी! अवं खुशी!" उत्तर नाही. ती बोळात धावली आणि खिडकीचे गज धरून आत पाहिलं.

खुशी फरशीवर आडवी पडली होती. झटक्यानं फेकली गेलेली, उजवा हात वाकडा, डोळे अर्धे मिटलेले. भोवती पाणी पसरत होतं, आणि त्या पाण्यात कूलरचे पाय होते. कूलर घरघरत होता. गादीवरून रजत खाली उतरला होता. रडत रडत, हात टेकत, तो त्याच्या ताईकडे निघाला होता.

"नको! रजू, नको रे बाबा!" हंसाबाई किंचाळली. तिनं गजातून हात घातला. हात खांद्यापर्यंत गेला, पण पोचला नाही. "खेमसिंग! अरे खेमसिंग! मेन पाड! जिन्याखालचं मेन पाड!"

तिचा दीर खेमसिंग ऑटो लावून नुकताच जेवायला बसला होता. तो ताटावरून उठून धावला. पण जिना गल्लीला वळसा घालून, आणि रजत पाण्याच्या कडेला. एक हात पुढं टाकला की संपलं. मग तिला काय सुचलं देव जाणे. खिडकीच्या कट्ट्यावर कालची वाटी होती. तिनं चमचा घेतला आणि वाजवायला लागली.

टिणटिण. टिणटिण.

"आ रं छोरा, आ! खिचडी! तूप हाय, तूप! इकडं पाय माह्याकडं!"

रजत थांबला. त्यानं खुशीकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं. पुन्हा खुशीकडे वळला. हंसाबाईचा आवाज फाटत होता, तरी ती हसून बोलत होती, कारण रागावून बोललं तर लेकरू येत नाही. "ये माह्या राजा, ये! कोण खाते खिचडी? रजू खाते!" डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि तोंडानं लाडाचं बोलणं. चमचा थांबेना. बाळ एकदा हुंदकलं, वळलं आणि रांगत खिडकीकडे आलं. तिनं गजातून त्याचं मनगट असं धरलं, की नंतर दोन दिवस तिथं वळ होते.

तेवढ्यात कूलर बंद पडला. खेमसिंगनं मेन पाडलं होतं.

आता कुलूप! खेमसिंगनं दगड घातला, काही होईना. किल्ली अपेक्षाच्या पर्समध्ये, आणि पर्स दुकानात काउंटरखाली. कपिलनं पारखून आणलेलं कुलूप ते, उगाच का तुटेल? शेवटी खेमसिंगनं ऑटोतली टॉमी, चाक खोलायची लोखंडी सळई, आणली आणि कडीच भिंतीतून उपटून काढली. विटांचा चुरा पडला. हंसाबाई आत घुसली, खुशीच्या नाकापुढं हात धरला. श्वास होता, पण किती बारीक! त्यांनी तिला उचललं आणि ऑटोत घातलं. रजत हंसाबाईच्या काखेतच.

अपेक्षा दवाखान्यात पोचली तेव्हा खुशीच्या हाताला पट्टी बांधत होते. ड्रेस ओला, एक लाल फीत सुटून खांद्यावर आलेली. नर्सनं सहज विचारलं, "शाळेत झालं का हो हे? कोणती शाळा?"

अपेक्षा ती सुटलेली फीत पुन्हा बांधू लागली.

डॉक्टर म्हणाले, जीव वाचला. तळहात भाजलाय, दोन बोटांचं आता सांगता येत नाही. उजव्या हाताची. हंसाबाईनं खिडकीचं, वाटीचं सगळं सांगितलं आणि रजतला अपेक्षाच्या हाती दिलं.

संध्याकाळच्या एस.टी.नं तानाबाई आली. नातीजवळ बसून ती रडली, खरं रडली. कोणी म्हणू नये की तिला माया नव्हती. पण डोळे पुसून ती उठली आणि कपिल-अपेक्षाला बाहेरच्या पायऱ्यांवर घेऊन गेली.

"पोलीस इचारतीन. सांगजा, सुट्टीत आली होती, खेळता खेळता पाणी सांडलं. कुलुपाचं नाव काहाडू नका. अन् त्या बाईनंच खिडकीतून नादी लावलं होतं पोरीले, हेबी सांगजा."

"हो माय," कपिल म्हणाला.

मग तानाबाईनं आवाज खाली आणला आणि सुनेच्या पाठीवर हात ठेवला. समजूत घालावी तसा. "तू घोर नको करू. खुशीले मी घरी नेतो. तिची लहानी हाय ना, चौथीतली? परवा तिलेच आणून देतो. तुही नोकरी नाही जात."

अपेक्षा सासूकडे बघतच राहिली. परवा! एकीची पट्टी अजून ओली, आणि दुसरी निघालीसुद्धा. ती चौथीतली पोर अपेक्षाच्या लग्नात तिच्या मांडीवर झोपली होती. उद्या तीच जाळीतून विचारणार, काकू, शाळा कधी उघडते? आणि आपण काय सांगणार, सोमवारी पाहू?

आतून महिला पोलीस शिपाई आली. "मुलीचे कोण तुम्ही? काय झालं नीट सांगा."

"सुट्टीत आली होती जी," तानाबाईनं सुरुवात केली. "खेळता खेळता..."

"नाही," अपेक्षा म्हणाली.

आवाज इतका लहान, की शिपाईबाईनं पुन्हा विचारलं.

"नाही म्हटलं, मॅडम. सुट्टीत नव्हती आली. आमी तिले लेकरू सांभाळाले ठेवली होती. कुलूप मी लावलं. बाहेरून. रोज लावतो. किल्ली हे पाहा, माह्याच पर्समंदी हाय."

"अपेक्षा, चूप राय!" कपिलनं तिचा दंड धरला. "काय बोलून राह्यली तू? आत टाकतीन आपल्याले!"

"टाकू दे!" तिनं दंड सोडवून घेतला. आता आवाज लहान नव्हता, सगळा व्हरांडा ऐकत होता. "माहं लेकरू जित्तं हाय ते त्या बाईच्या वाटीनं! जिच्या हातचं चालत नाही म्हणून तुमी बारा वर्साच्या पोरीले कोंडलं, अन् म्या कोंडू देल्लं. आता लहानीले आणता?" ती सासूकडे वळली. "आणूनच पाहा, आत्याबाई. दारात मी उभी राहीन. नोकरी गेली तर गेली!"

"घराची अब्रू वेशीला टांगली वं तू," तानाबाई पदर तोंडाला लावून म्हणाली. "घरचीच पोरगी होती ना ती!"

"म्हणूनच तर कोणी इचारलं नाही."

चौकशी झाली. चकरा झाल्या, जबाब झाले, नातेवाइकांत तोंडं फिरली. कपिल पुष्कळ दिवस बायकोशी धड बोलत नव्हता. मात्र एका सकाळी तो कूलर टेम्पोत टाकून भंगारवाल्याकडे देऊन आला आणि येताना हंसाबाईच्या दारात जरा घुटमळला. हंसाबाईनं त्याला पाहिलं.

"काय, आभार मानाले आला का? आभार नको. लेकरू ठेवाचं तर पैसे आंधी. अन् पोरीची चौकशी करत जाय जरा."

रजत आता तिच्याकडे असतो. अपेक्षाची महिनाअखेरीला ओढाताण होते, नाही असं नाही. सासूचा फोन येत नाही. तो घोर मिटला असं मी म्हणणार नाही. गल्लीत सगळ्यांना परवडेल अशी लेकरांची जागा असायला हवी, ती अजून नाही. पण तोवर तिची किंमत दुसऱ्याच्या पोरीच्या वर्षानं भरायची, हा सौदा कोणी ठरवला?

दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी अपेक्षानं खुशीला विचारलं, "कुठं शिकतं? इथं माह्याजवळ, का गावी? तू सांगशीन ते." खुशीनं चमकून तिच्या तोंडाकडे पाहिलं. असं तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"गावी," ती म्हणाली. मग घाईनं, "डाव्या हातानं लिवता येते मले थोडं थोडं."

दोघी निघाल्या त्या सकाळी अपेक्षानं रजतला हंसाबाईकडे दिलं, खुशीची पिशवी खांद्याला लावली आणि दाराला कुलूप घातलं. भिंतीत कडी नवी बसवली होती, सिमेंट अजून ओलसर होतं. सवयीनं तिनं कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि वळली.

खुशी मात्र जाग्यावरून हलली नाही. पट्टीचा हात छातीशी धरून तिनं जाळीला कपाळ टेकवलं, आत नीट पाहिलं. गादीकडे, ओट्याकडे, खिडकीकडे.

"काकू," तिनं विचारलं, "आत कोणी राह्यलं तर नाही ना?"